घरात मारहाण होत असेल, तर मुलांसाठी काय करावं?

‘मुलांसाठी सहन करतेय.’ नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला विचारलं की बहुतेक वेळा हेच उत्तर येतं. माहेरची माणसंही तेच सांगतात: पदरात दोन लेकरं आहेत, त्यांच्याकडे बघ आणि दिवस काढ. या बोलण्यामागची माया खरी असते, पण त्यातला हिशोब चुकतो. ज्या लेकरांसाठी ती सहन करते, ती लेकरंही त्याच घरात, त्याच रात्री, तेच सहन करत असतात.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) १८ ते ४९ वयाच्या, लग्न झालेल्या स्त्रियांना याबद्दल विचारलं होतं. देशात साधारण २९ टक्के आणि महाराष्ट्रात साधारण २५ टक्के स्त्रियांनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं सांगितलं. तेव्हा शाळा कोणतीही असो, झेडपीची किंवा भरमसाट फीची, तिच्या वर्गांत अशा घरातली मुलं असतातच. हा लेख मुख्यतः त्यांच्या आयांसाठी आहे. पण मावशी, आजी, बाई-सर आणि शेजारी यांनीही तो वाचावा, कारण पुष्कळदा पहिली मदत त्यांच्याकडूनच मिळते.

मुलाला काय होतं, ते आधी समजून घ्या

‘तो झोपला होता, त्याला काही कळलं नाही’ हा आपला मोठा गैरसमज. मुलाला कळतं. भिंतीपलीकडून आलेला आवाज कळतो, सकाळी आईने ओढणी वेगळी का घेतलीय तेही कळतं. तिसरी-चौथीतली एक मुलगी डोळ्यांसमोर आणा. संध्याकाळी खाली मोटरसायकल थांबते. स्टँड कसा लावला, जिन्यावर पावलं कशी पडतायत, यावरून तिला आजची रात्र कळते. ती टीव्हीचा आवाज कमी करते, पसरलेल्या वह्या गोळा करते, धाकट्या भावाला हाताला धरून आतल्या खोलीत नेते. दार वाजायच्या आत हे सगळं झालेलं असतं आणि तिला ते कुणीही शिकवलेलं नसतं.

या मुलीचं शरीर सतत पहाऱ्यावर असतं. धोका दिसला की पळणं, प्रतिकार करणं किंवा थिजून जाणं ही आपल्या सगळ्यांची जन्मजात यंत्रणा आहे. धोका टळला की ती शांत व्हायला हवी. धोका रोजचा झाला की ती शांत होतच नाही: झोप उथळ होते, पोट दुखतं, छोट्या आवाजाने दचकायला होतं. असं मूल दुसऱ्या दिवशी वर्गात बसतं तेव्हा फळ्यावरचं गणित त्याच्यापर्यंत पोचत नाही. मग प्रगतिपुस्तकात शेरा येतो, ‘लक्ष देत नाही’. त्या शेऱ्यावरून घरी पुन्हा मार बसतो.

वयाप्रमाणे खुणा बदलतात. तान्ह्या बाळाला शब्द कळत नाहीत, पण वरचा आवाज आणि आईचं ताठलेलं अंग कळतं. ते नीट दूध पीत नाही, किरकिरं होतं, किंवा विचित्र वाटावं इतकं गप्प राहतं. दोन ते पाच वर्षांची मुलं मागे जातात. सुटलेलं अंथरूण ओलं करणं परत सुरू होतं, बोलणं बोबडं होतं, आई बाथरूममध्ये गेली तरी दाराबाहेर रडतात. शाळकरी वयात डोकेदुखी, पोटदुखी, मारामाऱ्या, खोटं बोलणं दिसतं. कधी याच्या अगदी उलट होतं: मूल कमालीचं शहाण्यासारखं वागू लागतं. या शहाण्या मुलांकडे जास्त लक्ष द्या. ती कुणाला त्रास देत नाहीत, म्हणून कुणाच्या नजरेतही येत नाहीत.

सहा-सात वर्षांपर्यंतच्या मुलाला जग स्वतःभोवती फिरतंय असंच वाटतं. म्हणून ‘मी डबा सांडला म्हणून बाबांनी आईला मारलं’ हे त्याच्या दृष्टीने सरळ गणित असतं. ही अपराधी भावना ते कुणाला बोलून दाखवत नाही आणि ती वर्षानुवर्षं सोबत राहते.

किशोरवयीन मुलांचं प्रकरण वेगळं. चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा मध्ये पडू लागतो, मार खातो किंवा देतो. कुणी घराबाहेरच राहू लागतो, कुणी नशेकडे वळतो. मुली धाकट्यांच्या आया होतात, शाळा सोडतात. घरातून सुटका म्हणून अठराच्या आतच कुणाच्या तरी मागे निघून जाणं किंवा आलेल्या स्थळाला मान डोलावणं, हेही घडतं. काही मुलगे आईवरच हात उचलू लागतात, आणि ते सांगताना आईची मान खाली जाते.

याचे परिणाम मोठेपणीही राहू शकतात. अमेरिकेत १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात बालपणातल्या आघातांची यादी केली होती आणि आईला होणारी मारहाण पाहणं हा त्यातला एक आघात होता. असे आघात जितके जास्त, तितकं पुढे नैराश्य, व्यसन आणि हृदयविकाराचंही प्रमाण जास्त आढळलं. आपल्याकडच्या सर्वेक्षणातही जिच्या आईने मार खाल्ला, त्या मुलीच्या वाट्याला संसारात मार येण्याचं प्रमाण जास्त दिसतं.

हे वाचून घाबरू नका. प्रमाण जास्त म्हणजे ते नशिबात लिहिलेलं असतं असं नव्हे. हिंसा थांबली आणि ज्याच्यावर विसंबता येईल असं एक तरी मोठं माणूस मिळालं, तर पुष्कळ मुलं सावरतात. ‘मारणाऱ्याचा मुलगा मारणाराच होणार’ हे वाक्य तर मुलाच्या कानावर पडूच देऊ नका.

पहिली पायरी: आजची रात्र सुरक्षित करा

बाकी सगळं नंतर. तुम्ही घर सोडायचं ठरवलेलं असो वा नसो, मुलांसकट एक योजना हवीच.

मुलांना त्यांच्या वयाप्रमाणे तीन गोष्टी शिकवा. एक, भांडण सुरू झालं की मध्ये यायचं नाही. हे वारंवार सांगावं लागतं, कारण आईला वाचवणं आपलंच काम आहे असं त्यांना वाटत असतं. दोन, स्वयंपाकघर आणि बाथरूममध्ये लपायचं नाही. तिथे हत्यार होऊ शकतील अशा वस्तू असतात आणि बाहेर पडायला दुसरी वाट नसते. दाराजवळच्या जागेतून बाहेर पडून ठरलेल्या घरी जायचं. तीन, फोन कुठे करायचा. ११२ हा पोलिसांचा, १०९८ हा मुलांसाठीचा क्रमांक. दोन्ही विनामूल्य आहेत, दिवसरात्र चालतात आणि १०९८ वर मूल स्वतः बोलू शकतं. आपलं नाव, पत्ता आणि जवळची खूण सांगण्याचा सराव करून घ्या.

एखादा परवलीचा शब्द ठरवा. ‘दळण आणायचं राहिलं’ असं काहीतरी रोजचंच, जे ऐकलं की मोठीने धाकट्याला घेऊन काकूंकडे जायचं. काकूंना आधी विश्वासात घ्या. अगदी लहान मुलांना मात्र गुपित सांभाळायला लावू नका. त्यांच्या तोंडून ते निघून जातं आणि मग त्याचा दोष ती स्वतःला देतात.

एक पिशवी तयार करून ती घराबाहेर, भरवशाच्या माणसाकडे ठेवा. तिच्यात हे असू द्या:

- मुलांचे जन्मदाखले, सगळ्यांची आधार कार्डं, रेशन कार्डाची झेरॉक्स, लसीकरणाचं कार्ड
- शाळेचं बोनाफाईड आणि मागच्या वर्षीचं प्रगतिपुस्तक
- बँकेचं पासबुक, थोडी रोख रक्कम, घराची जादा किल्ली
- मुलांची चालू औषधं, चष्मा, दोन जोड कपडे
- मारहाणीनंतरचे दवाखान्याचे कागद आणि फोटो
- लहानग्याची झोपताना लागणारी वस्तू, मग ती फाटकी गोधडी का असेना

शेवटची वस्तू विसरू नका. अनोळखी जागेतली पहिली रात्र तिच्यामुळेच निभते.

मोबाइलचंही बघा. लोकेशन कुणाला दिसतंय, गुगल खात्याचा पासवर्ड कुणाकडे आहे, मुलाच्या टॅबवर वडिलांचंच खातं चालू आहे का. बाई घर सोडायला निघते किंवा नुकतीच सोडून गेलेली असते, तेव्हा धोका कमी न होता वाढतो. म्हणून ‘मी निघून जाईन’ अशी धमकी देऊन जाऊ नका. योजना पक्की करा आणि मगच निघा. मुलांना सोबत घेऊनच निघता आलं तर उत्तम. मागे राहिलेल्या मुलांना आईवर दबाव आणण्यासाठी वापरलं जातं.

दुसरी पायरी: मुलाशी बोला

गप्प राहिलं की मूल विसरेल असं वाटतं. प्रत्यक्षात गप्पपणातून ते एवढंच शिकतं की या विषयावर बोलायचं नसतं. घरात शांतता असताना, शक्यतो काहीतरी करता करता, भाजी निवडताना किंवा शाळेतून येताना, विषय काढा. समोरासमोर बसवून चौकशी केल्यासारखं बोलू नका.

शब्द साधे ठेवा. ‘काल रात्री जे झालं ते तू ऐकलंस ना? तुला भीती वाटली असेल. ते तुझ्यामुळे झालेलं नाही. मारणं चूक आहे आणि ती चूक मोठ्या माणसाची आहे. ते थांबवणं तुझं काम नाही. मी मदत मागतेय.’ इतकं पुरतं. पुन्हा आठवडाभराने हेच सांगा. एकदा सांगून ते आत रुजत नाही.

मुलाचं वडिलांवर प्रेम असू शकतं. आई मार खात असतानाही असतं आणि घर सोडल्यावर त्याला बाबांची आठवणही येते. आईला हे जिव्हारी लागतं. तरीही त्याला ‘तुझा बाप राक्षस आहे’ असं म्हणू नका. ‘बाबांचं मारणं चुकीचं आहे’ असं म्हणा. माणूस आणि कृत्य वेगळं केलं की मुलाला आपलं प्रेम आणि आपला राग, दोन्ही कुठेतरी ठेवता येतं. ‘तुला कुणाकडे राहायचंय?’ असं विचारू नका, त्याच्या हाती निरोप धाडू नका, बाबांच्या फोनवर पाळत ठेवायला सांगू नका, पुराव्यासाठी व्हिडिओ काढायला तर कधीच लावू नका. आणि नक्की करता येणार नाही असं वचन देऊ नका. ‘आता पुन्हा असं कधीच होणार नाही’ यापेक्षा ‘तू सुरक्षित राहावंस म्हणून मी हे हे करतेय’ हे बरं.

एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. मार खाऊन थकलेल्या आईचा हातही पोरावर पडतो. कधी दमल्यामुळे, कधी बाप येण्याआधी पोर गप्प बसावं म्हणून. असं होत असेल तर त्यासाठी स्वतःला कोसत बसण्याने मुलाला काहीच मिळत नाही. त्याची माफी मागा, ‘माझं चुकलं, मी मारायला नको होतं’ असं सरळ म्हणा. मोठं माणूस चूक कबूल करतं आणि सुधारतं, हे अशा घरातल्या मुलाने पुष्कळदा पाहिलेलंच नसतं.

तिसरी पायरी: कायद्याकडून मुलांसाठी काय मागायचं

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ हा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. त्यात शारीरिक मारहाणीबरोबर लैंगिक, शाब्दिक-भावनिक आणि आर्थिक छळही येतो. घरखर्च बंद करणं, मुलांची फी मुद्दाम थकवणं हेही त्यात बसतं. अठरा वर्षांखालचं मूल, मग ते दत्तक किंवा सावत्र का असेना, या कायद्याच्या कक्षेत येतं.

सुरुवात संरक्षण अधिकाऱ्यापासून करा. हे महिला व बालविकास विभागाचे असतात. कुठे बसतात हे १८१ या महिला हेल्पलाइनवर किंवा अंगणवाडी सेविकेला विचारून कळतं. ते कौटुंबिक घटना अहवाल लिहून घेतात, ज्याला सगळे डीआयआर म्हणतात. त्यात मुलांनी काय पाहिलं, मुलांना काय झालं, हे आवर्जून लिहायला सांगा. पुष्कळ अहवालांत मुलांची फक्त नावं आणि वयं असतात.

दुसरा रस्ता म्हणजे महिला व मुलांसाठीचा विशेष साहाय्य कक्ष. टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबई पोलिसांसोबत हे काम सुरू केलं आणि आता पोलिसांच्या आवारातच बसणारे हे समाजकार्यकर्ते राज्यभर आहेत. मुंबईत महापालिकेच्या काही रुग्णालयांत ‘दिलासा’ केंद्रं आहेत. त्यातलं पहिलं वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात सुरू झालं. जिल्ह्याच्या ठिकाणी ‘सखी’ वन स्टॉप सेंटरमध्ये तात्पुरता निवारा, डॉक्टर, वकील आणि समुपदेशन एकाच छताखाली मिळावं अशी व्यवस्था आहे. मोफत वकिलासाठी १५१०० या क्रमांकावर विधी सेवा प्राधिकरण आहे. स्त्रिया आणि मुलांना ही मदत उत्पन्न न पाहता मोफत मिळते.

दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करताना मुलांसाठी पुढच्या गोष्टी वेगळ्या, स्पष्ट मागा. कलम १८ खाली संरक्षण आदेश: त्याने मुलांच्या शाळेत किंवा नेहमीच्या ठिकाणी जाऊ नये, असं त्यात घालता येतं. कलम १९ खाली राहण्याचा आदेश. घर सासऱ्यांच्या नावावर आहे, मग तुझा हक्क नाही, असं सांगितलं जातं. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२० मध्ये सतीशचंदर आहुजा विरुद्ध स्नेहा आहुजा या निकालात स्पष्ट केलं की नातेवाइकांच्या मालकीचं घरही सामायिक घर ठरू शकतं. कलम २० खाली मुलांसकट निर्वाहखर्च. आणि कलम २१ खाली मुलांचा तात्पुरता ताबा. वडिलांची भेट मुलाला हानिकारक ठरेल असं वाटलं तर दंडाधिकारी ती नाकारू शकतात, हेही याच कलमात आहे. फार निकड असेल तर कलम २३ खाली समोरच्याला न ऐकताही अंतरिम आदेश मिळू शकतो. तुम्ही माहेरी किंवा बहिणीकडे तात्पुरत्या राहात असाल, तर तिथल्या न्यायालयातही अर्ज करता येतो.

कायद्यात ६० दिवसांत निकाल देण्याचा प्रयत्न व्हावा असं लिहिलंय. प्रत्यक्षात पुष्कळ वेळ लागतो. म्हणूनच अंतरिम आदेश पहिल्याच तारखेला मागायला वकिलांना सांगा.

मुलावर थेट अत्याचार होत असेल, तर १०९८ मार्फत बाल कल्याण समितीपर्यंत जा. लैंगिक अत्याचाराचा संशय असला तरी पोक्सो कायद्याखाली पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. तिथे घरच्या बैठकीत मिटवामिटव चालत नाही.

चौथी पायरी: शाळा सुटू देऊ नका

घर सोडल्यावर शाळेचा दाखला वडिलांकडे अडकतो किंवा जुनी शाळा थकलेल्या फीसाठी अडवते. शिक्षण हक्क कायदा, २००९ चं कलम ५ इथे कामी येतं. आठवीपर्यंतच्या मुलाला दुसऱ्या सरकारी किंवा अनुदानित शाळेत बदली घेण्याचा हक्क आहे आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता किंवा लांबवता येत नाही. हे मुख्याध्यापकांना नम्रपणे पण ठामपणे सांगा. नाहीच ऐकलं तर गटशिक्षणाधिकाऱ्यांना लेखी अर्ज द्या.

शाळेत एका व्यक्तीला खरं सांगा, सगळ्यांना नको. वर्गशिक्षिका किंवा समुपदेशक पुरे. मुलाला कोण न्यायला येईल याची यादी लेखी द्या. मात्र न्यायालयाचा आदेश हातात नसेल, तर शाळेला वडिलांना अडवणं कठीण जातं, कारण कागदोपत्री तेही पालकच असतात. आदेश मिळाला की त्याच दिवशी त्याची प्रत शाळेत द्या. आदेशाची प्रत तुम्हाला मोफत मिळते.

पैशाची ओढाताण असेल तर जिल्हा बाल संरक्षण कक्षात क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेची चौकशी करा. एकट्या पालकाच्या, घटस्फोटित आईच्या मुलांना तिच्यातून दरमहा २,२५० रुपये मिळू शकतात. कागदपत्रं बरीच लागतात आणि पैसे जमा व्हायला वेळ जातो, तेव्हा अर्ज लवकर करा.

पाचवी पायरी: पुन्हा घडी बसवा

सुरक्षित जागी आल्यावर मूल लगेच शांत होईल अशी अपेक्षा असते. पुष्कळदा उलटं होतं. इतके दिवस दाबून ठेवलेला राग आता बाहेर पडतो आणि तो आईवरच निघतो, कारण आई टाकून जाणार नाही याची त्याला खात्री असते. हे समजलं की ते सोसणं थोडं सोपं जातं.

या काळात मुलाला सगळ्यात जास्त गरज असते ती अंदाज बांधता येण्याची. जेवणाची वेळ तीच, झोपायची तीच, शाळेतून आल्यावर घरात कोण असेल ते सकाळीच सांगितलेलं. बेत बदलणार असेल तर आधी सांगायचं. अंथरूण ओलं झालं तर न बोलता चादर बदलायची. मोठ्या मुलीला ‘आता तूच माझा आधार’ म्हणू नका, तिला खेळायला पाठवा. मुलगा ओरडू लागला तर राग येणं चालेल, हात उचलणं चालणार नाही, ही रेघ त्याच्यासाठीही ठेवा. चित्रं काढणं, मातीकाम, कबड्डी, कुठलाही खेळ असू द्या. शरीरात साठलेली भीती फक्त बोलण्याने निघत नाही, ती हालचालीतूनही निघते.

न्यायालयाने वडिलांच्या भेटी ठरवल्या असतील, तर त्या न्यायालयाच्या आवारात किंवा तिसऱ्या माणसाच्या देखरेखीखाली व्हाव्यात अशी मागणी करा. भेटीहून आल्यावर प्रश्नांचा भडिमार करू नका, खायला द्या आणि जवळ बसा. प्रत्येक भेटीनंतर मूल दोन-तीन दिवस झोपत नसेल किंवा अंथरूण ओलं करत असेल, तर तारखेसह लिहून ठेवा आणि वकिलांना द्या.

महिनाभरानंतरही दुःस्वप्नं, खाणं-पिणं टाकणं, शाळेला ठाम नकार, सतत तेच प्रसंग खेळात उतरवणं चालू असेल, तर तज्ज्ञांकडे न्या. स्वतःला इजा करणं किंवा ‘मला जगायचं नाही’ असं बोलणं असेल तर त्याच दिवशी न्या. १४४१६ या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनवर मराठीतून बोलता येतं आणि जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. लहान मुलांसोबत तज्ज्ञ खेळातून काम करतात, त्यामुळे ‘नुसतं खेळवलं’ म्हणून दोन भेटींत बंद करू नका. आणि आईनेही स्वतःसाठी वेळ घ्यावा. आई सावरली की मूल सावरायला लागतं, हे या कामातल्या प्रत्येकाने पाहिलेलं आहे.

नातेवाईक, शिक्षक, शेजारी

आजी-आजोबांनी ‘एकदा परत जाऊन बघ’ म्हणण्याआधी नातवंडाला रात्री झोप लागते का, एवढं विचारावं. शिक्षकांनी वर्गात सगळ्यांदेखत चौकशी करू नये. मूल स्वतःहून बोललं तर शांतपणे ऐकावं, ‘तू सांगितलंस ते बरं केलंस’ म्हणावं, तपशील उकरू नयेत आणि ‘मी कुणालाच सांगणार नाही’ असं वचन देऊ नये. ‘तुला मदत करू शकतील अशा माणसांनाच सांगेन’ हे खरं आहे, तेच सांगावं. वडिलांना बोलावून जाब विचारणं मात्र टाळा. त्याची किंमत घरी आई आणि मूल मोजतात.

शेजाऱ्यांना मध्ये पडायची भीती वाटते, उद्या आपल्यावरच शेकेल असं वाटतं. आवाज आला तर दोघांनी मिळून बेल वाजवा, काहीतरी मागायचं निमित्त करा. मारहाण चालूच असेल तर ११२ ला फोन करा. नंतर संरक्षण अधिकाऱ्याला कळवण्यासाठी तुम्ही नात्यातले असण्याची गरज नाही, आणि सद्भावनेने माहिती देणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी कुठलीच जबाबदारी येत नाही. २००५ च्या कायद्याच्या कलम ४ मध्ये तसं स्पष्ट लिहिलेलं आहे.